फोटोच्या मागच्या बाजूला

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या कोजागरीला सोसायटीच्या सभागृहात स्लाइड शो झाला, त्या वेळचे भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीट करून दिले आहे. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



सचिवांनी मला सांगितलं, "काका, तुमचे प्रवासातले फोटो दाखवा अर्धा तास. बोलायचं मात्र थोडं." त्यांना माझा स्वभाव चांगला माहीत आहे. तरी मी बोलणार आहे. कारण फोटो तुम्ही सगळेच काढता, माझ्यापेक्षा चांगले काढता, आणि तुमच्या फोनमध्ये माझ्या उभ्या आयुष्यात जमले नसतील इतके फोटो पडलेले आहेत. मला सांगायचंय ते फोटोत दिसत नाही त्याबद्दल.

फोटो दाखवला की लोक हमखास विचारतात, कॅमेरा कोणता? लेन्स कोणती? हल्ली विचारतात, मोबाईल कोणता? फोटोतला माणूस कोण, हे क्वचितच कुणी विचारतं.

आधी एक खुलासा. "प्रवासातले फोटो" म्हटल्यावर काही जणांना वाटलं असेल की केदारनाथ, कन्याकुमारी, दाल सरोवर वगैरे दाखवणार. तेही आहेत माझ्याकडे. पण ते तुमच्याकडेही आहेत, आणि प्रामाणिकपणे सांगा, ताजमहालापुढचा तुमचा फोटो आणि शेजाऱ्यांचा फोटो यात चेहरे सोडले तर काय वेगळं असतं? माझा खरा प्रवास नोकरीच्या निमित्तानं मोटारसायकलवर झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा, वसमत. १ मे १९९९ ला आपण परभणीतून वेगळे झालो, जिल्हा नवा कोरा होता आणि माझ्या गळ्यात रोलचा कॅमेरा होता. एका रोलमध्ये छत्तीस फोटो. रोल धुवायला नांदेडला पाठवायचा. त्यामुळे बटण दाबायच्या आधी माणूस विचार करायचा, आणि दाबल्यावर वहीत लिहून ठेवायचा. ती वही नसती तर आज मी इथं उभा राहिलो नसतो.

हा बघा. आपलं स्टेशन. लहान मुलांनी रूळ नीट बघा. बारीक वाटतात ना? हे मीटर गेज, दोन रुळांत एक मीटर अंतर. आताच्या ब्रॉड गेजमध्ये ते जवळजवळ पावणेदोन मीटर आहे. पूर्णेहून अकोल्याला आणि पुढे खंडव्याकडे जाणारी ही लाइन अकोल्यापर्यंत २००८ मध्ये रुंद झाली. गाडी थांबली की खिडकीतून पिशव्या, दुधाचे कॅन, टोपल्या, एकदा तर एक लेकरू आत सरकवलेलं मी पाहिलंय. या फोटोत म्हातारे गृहस्थ बाकावर बसलेत आणि पायाशी टोपली झाकलेली आहे. माझ्या वहीत लिहिलंय: "टोपलीत सीताफळं. लेकीकडे अकोल्याला. दरवर्षी दिवाळीच्या आधी." बस्स, एवढंच. पण एवढं काढून टाका आणि पुन्हा फोटो बघा. उरतो एक म्हातारा आणि एक टोपली. "हिंगोली डेक्कन" अशी पाटी तुम्ही आजही वाचता, गाड्याही जास्त आहेत आणि लांबच्या आहेत, तक्रार काहीच नाही. फक्त त्या लहान गाडीतलं जग कसं चालायचं, ते या फोटोत आणि त्या दोन ओळीत आहे.

आता औंढ्याला जाऊ. तुम्ही सगळे श्रावणात जाता, महाशिवरात्रीला जाता, प्रत्येकाच्या घरी नागनाथाच्या मंदिराचा फोटो आहे. समोरून, आणि पुढे कुटुंब ओळीत उभं. मी दाखवतोय तो मागून काढलेला आहे. इथं नंदी आहे. नंदी मागे कसा? ही गोष्ट आपल्या आजीनं आपल्याला सांगितलेली असते: नामदेव महाराज देवळापुढं कीर्तन करत होते, त्यांना तिथून उठवलं, ते मागं जाऊन कीर्तनाला उभे राहिले, आणि देवानं देऊळच त्यांच्याकडे फिरवलं. इतिहासाच्या कसोटीवर ती घासायचं माझं काम नाही. मला एवढंच दिसतं की दाराशी उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या कॅमेऱ्यात देऊळ येतं, पण देवळाची गोष्ट मागच्या बाजूला आहे. आणि मागून बघितलं की आणखी एक कळतं. खाली काळा दगड आहे, त्यावर हत्ती, माणसं, देवदेवता कोरलेल्या, काही फुटलेल्या. वरचं बांधकाम मात्र निराळ्या हाताचं, नंतरच्या काळातलं आहे. एकाच फोटोत दोन काळ एकावर एक रचलेले दिसतात. गाभाऱ्यात उतरताना मी कॅमेरा पिशवीत ठेवतो. तिथं अंग चोरून खाली जायचं असतं आणि सगळं बघायचं तर कॅमेऱ्यापेक्षा हात मोकळे असलेले बरे.

देवळांचे फोटो काढायची हौस आपल्या भागात जुनी आहे. आपण निजामाच्या राज्यात होतो, आणि सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या पदरी लाला दीनदयाळ नावाचे फोटोग्राफर होते. जन्म १८४४, मेरठजवळच्या सरधन्याचा. रुडकीला इंजिनिअरिंग शिकले, इंदूरला बांधकाम खात्यात नकाशे काढायच्या नोकरीला लागले आणि १८७४ च्या सुमारास कॅमेऱ्याच्या नादी लागले. पुढे निजामानं त्यांना राजा मुसव्विर जंग बहादूर असा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्र काढणारा. लाकडी पेटीएवढा कॅमेरा, काचेच्या प्लेटा, तिपाई, काळं फडकं, हा संसार घेऊन हा माणूस फिरला. आपला रोल वाकला तर वाकला, त्यांची प्लेट पडली की फोटोचे तुकडे गोळा करायचे! त्या काळच्या देवळांच्या आणि लेण्यांच्या फोटोंत बऱ्याचदा एका खांबाशी एक माणूस उभा केलेला दिसतो. इमारत किती उंच आहे हे कळावं म्हणून. मोजपट्टीसारखा. फोटोखाली देवळाचं नाव असतं, गावाचं असतं, फोटोग्राफरचं असतं. त्या माणसाचं नसतं. मी असा फोटो बघितला की देऊळ बाजूला राहतं आणि मी त्याच्याकडेच बघत बसतो. कोणत्या गावचा असेल, दिवसभर उभं राहायचे त्याला काही मिळाले असतील का?

हा पुढचा फोटो तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलाय. वसमतच्या बाजूचं शेत, मार्च महिना. हळद काढून झाली, शिजवून झाली, वाळत घातली, आणि आता ढोलात घालून पॉलिश करणं चाललंय. हवेत पिवळी धूळ आहे. मधोमध एक बाई बसली आहे आणि तिचे हात कोपरापर्यंत पिवळे आहेत. सूर्य मावळतीला, उजेड तिरपा. फोटोग्राफीच्या भाषेत म्हणाल तर सगळं जुळून आलं होतं. एका स्पर्धेत त्याला बक्षीसही मिळालं. तिथं फोटो बघणाऱ्या चार जणांपैकी तिघांनी मला विचारलं, "लग्नाची हळद का हो?"

फोटो काढताना मीही तिला गमतीनं तेच म्हटलं होतं. ती म्हणाली, "लग्नात एकदाच लागली. इथं रोज लागती." आणि लगेच पुढे म्हणाली, "फोटू काढून समदे जातेत साहेब. दाखवाया कोणी येत नाही."

पुढच्या हंगामात त्याच शेताकडे माझं काम निघालं तेव्हा मी फोटो घेऊन गेलो. पोस्टकार्डाएवढा, न कापलेला, कॅमेऱ्यानं घेतला तसा पूर्ण. स्पर्धेच्या मोठ्या प्रतीत दोन्ही कडा थोड्या कापल्या गेल्या होत्या, म्हणून मुद्दाम पूर्ण काढून नेला. बाई तिथंच होती. तिनं हात पदराला पुसले, फोटो घेतला आणि बराच वेळ बघितला. मला वाटलं स्वतःला बघतेय. मग तिनं अंगठा डाव्या कडेला ठेवला. तिथं एक मुलगी उभी आहे, बघा, हातात पाण्याची बाटली, निम्मी फोटोच्या बाहेर, आणि धूसर. मोठ्या प्रतीत ती नाहीच. बाई म्हणाली, "ही राहिली की हो फोटूत." तिची लेक. पावसाळ्यात साप चावून गेली होती. घरात तिचा एकही फोटो नव्हता.

तिनं मला एवढंच विचारलं, हिचा एकटीचा मोठा करून मिळेल का. स्टुडिओवाल्यानं मोठा केला. फुटकन फाटल्यासारखा दिसतो, नाकडोळे नीट कळत नाहीत, कुठल्याही स्पर्धेत पहिल्या फेरीत बाहेर पडेल. तो त्या घरात देवाच्या शेजारी आहे. बक्षीस मिळालेला फोटो माझ्या घरी आहे. यातला खरा फोटो कोणता, ते तुम्हीच बघा. मी तेव्हापासून प्रत्येक फोटोच्या कडा आधी बघतो.

हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो तुम्ही कुठं ना कुठं पाहिलाच असेल. स्टीव्ह मॅकरी यांनी १९८४ मध्ये पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत काढला आणि जून १९८५ मध्ये तो नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावर आला. जगभर गाजला. पण तिचं नाव शरबत गुला आहे हे जगाला कळायला २००२ साल उजाडलं. आणि तोपर्यंत तिनं स्वतः तो फोटो कधी पाहिलेला नव्हता! सतरा वर्षं सगळ्या जगानं तिच्या डोळ्यांत बघितलं, आणि तिच्याच हातात तो कागद नाही. आपल्या हळदीवालीचं म्हणणं यापेक्षा वेगळं काय होतं?

बरं, गोष्ट लिहिली म्हणजे झालं, असंही नाही. ती खरी लिहावी लागते. १९३६ मध्ये डोरोथिया लँग या बाईंनी अमेरिकेत एका मजूर आईचा फोटो काढला, मंदीच्या काळातला, कपाळावर चिंता आणि खांद्याला बिलगलेली पोरं. त्यांनी नाव विचारलं नाही, पण टिपणात लिहिलं की अन्नासाठी या कुटुंबानं गाडीचे टायर विकले. पुढे १९७८ मध्ये ती आई सापडली, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, आणि घरच्यांनी सांगितलं की टायर विकलेच नव्हते. फोटो महान आहे, त्यात वाद नाही. पण ते टायर काही केल्या त्या बाईच्या मागून जाईनात.

आपल्याकडे याच्या उलट काम करणारी माणसं आहेत. संदेश भंडारे यांचं 'तमाशा : एक रांगडी गंमत' मिळालं तर जरूर बघा. फड, तंबू, रंगमंचामागचं जेवणखाण, लेकरं. बघणाऱ्याला कळतं की हा माणूस खेळ संपल्यावरही तिथंच थांबलेला आहे.

आता जरा हसू या. हा फोटो माझा नाही. आपल्याच एका सभासदांच्या आल्बममधला आहे, त्यांच्या परवानगीनं दाखवतोय. नवरा-बायको मोटारसायकलवर बसलेत, मागे ताजमहाल आणि आकाशात अर्धा चंद्र. आग्रा? छे! रामलीला मैदान, हिंगोली, दसऱ्याची प्रदर्शनी! दीडशेहून जास्त वर्षांचा आपला दसरा, आणि त्यात पाळणे, मौत का कुआँ आणि पडदा रंगवलेला फोटो स्टुडिओ. मोटारसायकल प्लायवूडची आहे, हँडल धरलेला हात बघा, कसा अवघडलाय! या सभागृहात निम्म्या घरांत असा एक फोटो असणार. मी याला प्रवासातलाच फोटो म्हणतो. तिकिटाला पैसे नसताना केलेला.

नरसीचा एक फोटो दाखवून पुढे जातो. नामदेव महाराजांचं हे गाव कयाधूच्या काठी, आपल्यापासून वीस किलोमीटरच्या आत. फोटोत पगडी बांधलेले एक सरदारजी पायरीला डोकं टेकतायत. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला आलेली पंजाबातली माणसं वाट वाकडी करून नरसीला येतात, कारण गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची एकसष्ट पदं आहेत. आपण त्यांच्या घुमानला २०१५ साली साहित्य संमेलन भरवलं. हे गृहस्थ भटिंड्याकडचे शेतकरी होते. मी त्यांना माझ्या मोडक्या हिंदीत विचारलं, कसं वाटलं गाव? म्हणाले, "बाबाजींचं गाव लहान आहे, बरं वाटलं." हे वाक्य वहीत नसतं तर फोटो नुसता "नरसीला शीख भाविक" असा राहिला असता. त्यांचा पत्ता घेतला होता, फोटो पोस्टानं पाठवला, आणि महिन्याभरात त्यांच्या गव्हाच्या शेताचा फोटो मला आला. तो माझ्या आल्बममध्ये आहे. मी पंजाबात कधी गेलो नाही.

ही जी मोकळी माळरानं दिसतायत ती औंढ्याजवळ, दुधाळ्याच्या बाजूची. तेव्हा मित्रांनी विचारलं होतं, यात काय बघायचं? गुराखी नाही, झाड नाही, नुसतं गवत. आता तिथं लायगो-इंडियाची वेधशाळा होणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं मंजुरी दिली, खर्च २,६०० कोटी. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि विश्वाच्या कुठल्या टोकाला दोन कृष्णविवरं आदळली की त्याची थरथर इथं टिपणार. तेव्हा ही गवताची दोन-चार चित्रं कुणाला तरी लागतील. त्यांच्या मागे तारीख आणि वाट लिहिलेली आहे.

आणि आता आपला. हा तुम्ही ओळखलाच.

२००० सालचा दसरा, आपल्या जागेवरचं भूमिपूजन. काळी माती, चार खुंट्या, चुना टाकलेल्या रेघा, मागे बोअरची गाडी. पाणी किती फुटांवर लागलं हे ज्याला त्याला वेगळं आठवतं, त्यावर आज वाद नको! फोटोत एकोणीस माणसं आहेत. गेल्या महिन्यात स्मरणिकेसाठी आम्ही तिघे-चौघे नावं लिहायला बसलो. पुढच्या रांगेतली सगळी मिळाली. दुसऱ्या रांगेत दोन ठिकाणी अडलो. एका ताईंना "अमक्यांच्या मंडळी" यापुढे कुणालाच नाव येईना, आणि ज्यांना आलं असतं ते मागच्या वर्षी गेले. मागच्या रांगेत बोअरवाले, खड्डे खणणारे, डोक्यावर टोपलं घेतलेल्या दोघी. तिथं आमची पेन्सिल थांबली ती थांबलीच. ज्या पायावर आपण पंचवीस वर्षं राहतोय, तो खणणारी माणसं आपल्याच फोटोत मोजपट्टीसारखी उभी आहेत.

आजच्या मुलांना वाटेल, आमच्या फोनमध्ये तारीख आणि जागा आपोआप येते. येते खरी. पण तोच फोटो व्हॉट्सअपवर नेहमीसारखा पाठवला की ती माहिती निघून जाते. आणि "आत्या" कोणाची, हे कुठलाही फोन सांगत नाही. प्लास्टिकचा चिकट पडदा असलेले आल्बम तर काढूनच टाका, कागद पिवळा पडतो आणि फोटो निघता निघत नाही. मागे लिहायचं ते मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं, कडेला. बॉलपेन दाबून लिहिलं की पुढच्या बाजूला अक्षरं उमटतात, म्हणजे चेहऱ्यावर ओरखडा. कोण, कुठं, कोणतं साल, फोटो कुणी काढला. बायकांची स्वतःची नावं लिहा. सौभाग्यवती अमुक यांच्या पंचवीस जणी आपल्या आल्बममध्ये आहेत आणि ओळखू एकही येत नाही.

अध्यक्षांशी बोलणं झालं आहे. येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता याच सभागृहात चार टेबलं मांडतोय. घरातला जुना आल्बम आणि घरातलं सर्वांत वयस्कर माणूस, दोन्ही घेऊन या. जिना चढायचा नाही, सभागृह तळमजल्यावरच आहे, खुर्च्यांची सोय आहे. मुलांनी स्कॅन करायचं काम घ्यावं. पहिली रांग ज्यांनी बांधली ते मिस्त्री अजून गावातच असतात, पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्या घरी जाऊन आलो. भूमिपूजनाचा फोटो दाखवला तर टोपलंवाल्या दोघींतली एक त्यांनी लगेच ओळखली, दुसरीसाठी घरी विचारून सांगतो म्हणाले. रविवारी ते येणार आहेत. पेन्सिली मी आणतो.

दूध झालं वाटतं. चला.